अकादमीची फी, मुदत ठेव आणि पदवीचे उरलेले वर्ष

बार्शीहून एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या २० वर्षांच्या मुलीला कारागृह शिपाई व्हायचे असून पुण्यातील एक निवासी अकादमी वर्षभराच्या तयारीचे १,१०,००० रुपये मागत आहे. त्यासाठी तिने बी.ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडावे का आणि घरातील ३ लाखांची एकमेव मुदत ठेव मोडावी का?

माझ्या मते ठेव मोडू नये आणि कॉलेज तर मुळीच सोडू नये. मुलीची निवड मात्र मला मनापासून योग्य वाटते. बारावी उत्तीर्ण उमेदवाराला २१,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होणारी आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता देणारी अशी सरकारी नोकरी सहजी मिळत नाही.

एक रुपया खर्च करण्याआधी तिची उंची अनवाणी, भिंतीला टेकून, ग्रामीण रुग्णालयात मोजून घ्या. महिलांसाठी किमान १५५ सेंटिमीटर लागते. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने फी आणि वसतिगृहाचे पैसे आधी भरले, आणि मैदानावर मुलीची उंची एका सेंटिमीटरने कमी भरली. ते पैसे परत मिळाले नाहीत.

उंची बसत असेल तर परीक्षेचे गुण पाहा. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. लेखीतील अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि चालू घडामोडी यांची तयारी कॉलेज सांभाळून, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवत, घरीच होते. ८०० मीटर आणि १०० मीटर धावण्यासाठी, त्याहून अधिक गोळाफेकीसाठी, चूक जागेवर दाखवणारा प्रशिक्षक हवा. तो तालुक्याच्या मैदानावरही मिळू शकतो. त्याची फी, चांगले बूट, अंडी-दूध आणि सराव परीक्षा यांसाठी महिना २,५०० रुपये धरले तरी वर्षाचे ३०,००० होतात. तेवढे घरच्या पगारातून निघत नसतील, तर ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज घ्या. बँका त्यावर साधारणपणे ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त आकारतात आणि मूळ रक्कम शाबूत राहते.

ती शाबूत राहायलाच हवी, कारण निवड झाल्यावर नेमणूक येरवडा (पुणे), कळंबा (कोल्हापूर) किंवा हर्सूल (छत्रपती संभाजीनगर) अशा कुठल्याही कारागृहात होऊ शकते आणि पहिल्या महिन्यांत खोलीची अनामत घरूनच भरावी लागते. पगार सुरू झाला की राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत तिचे मूळ वेतन व महागाई भत्त्याचे १० टक्के कापले जातील, शासन १४ टक्के भरेल. हातात येणारी रक्कम त्या हिशेबाने धरा.

पदवीचा आग्रह मी धरतो तो तुरुंग अधिकारी श्रेणी-२ या शिपायाहून वरच्या पदासाठी, कारण त्याच्या थेट भरतीला पदवी लागते. खुल्या प्रवर्गाची शिपाईपदाची वयोमर्यादा २८ असल्याने तिच्या हाती आठ वर्षे आहेत. त्यातले एक-दीड वर्ष पदवीला दिल्याने काही बिघडत नाही.

'काम करून देतो' म्हणून ४ लाख मागणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दलही आपण लिहिले आहे. त्याला एक पैसाही देऊ नका. लाच देणे हाही गुन्हा आहे, आणि त्यात नाव आले तर मुलीची चारित्र्य पडताळणीच अडकेल. तो पुन्हा आला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर कळवा.