गोळ्या सोडायच्या, पण एका दमात नाही

प्रश्न : माझे पती फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. काश्मीरच्या पोस्टिंगनंतर रात्री दचकून उठायचे, तेव्हापासून रोज क्लोनाझेपाम ही झोप आणणारी, मन शांत करणारी गोळी, १ मिलिग्रॅम. पुढे एस्सिटालोप्राम (उदासी-चिंतेवरचं) आणि क्वेटियापिन (गंभीर मानसिक आजारांवरचं) या औषधांची भर पडली. आठ वर्षं झाली. दिवसभर गुंगीत असतात. पुतण्या म्हणाला, "काका, या नशेच्या गोळ्या आहेत," तर यांनी सगळ्या एकदम बंद केल्या. दोन दिवस बरे गेले. आता हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्याला डोळा नाही. परत सुरू कराव्यात का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं : आजच डॉक्टरांकडे न्या. वर्षानुवर्षं घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ४० तास लागतात. म्हणून पहिले दोन दिवस माणसाला वाटतं, सुटलो. त्रास नंतर गाठतो. मग 'जुना आजार उलटला' म्हणून आणखी एक गोळी वाढवली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

हवालदारसाहेबांना सांगा, ते नशेबाज नाहीत. लिहून दिलेलं औषध त्यांनी शिस्तीत घेतलं आणि शरीराला त्याची सवय झाली.

आधी डॉक्टर त्यांना स्थिर करतील. मग एका वेळी एकच औषध उतरवायचं, दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के. १ मिलिग्रॅमची गोळी अर्धी करणं म्हणजे थेट ५० टक्क्यांची उडी. त्याऐवजी ०.२५ च्या चार गोळ्या लिहून मागा. त्यातल्या एकीचा चतकोर काढला की साधारण सहा टक्के कमी होतात. शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. वर्ष लागलं तरी लागू दे.

कॅन्टीनची रम घरात असेल तर ती आधी बाहेर काढा. झोपेसाठी पेग हा फौजी घरांतला नेहमीचा तोडगा आहे, पण या गोळीवर दारू पडली की श्वास मंदावतो.

राहिली ती दचकून उठणारी रात्र. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी उपचार-मार्गदर्शनात २०१७ साली आणि पुन्हा २०२३ साली सांगितलं आहे की, युद्धाच्या मानसिक आघातावर क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, त्या आठवणींवर बोलून केलेले उपचार आधी द्यावेत. तशी सोय कुठे आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मात्र फिट आली किंवा भास व्हायला लागले, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.