मोबाइलवर बघून अमूर्त चित्रांचा अभ्यास होऊ शकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: दारव्ह्याजवळच्या गावात राहता, कला विषयात एम.ए. झालंय, पुढे पीएच.डी. करायची आहे. विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या डिजिटल संग्रहात अमूर्त चित्रंही दिसतात आणि त्यांवरचे प्रबंधही, पण मूळ चित्रं बघायला मुंबई-दिल्ली गाठणं सध्या जमणार नाही. मग घरी बसून केलेला हा अभ्यास खरा धरायचा का?

धरा. मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि अशा वाटेने चांगलं काम उभं राहताना मी बघितलंय. फक्त सुरुवात चित्रापासून करू नका, चित्राखालच्या नोंदीपासून करा.

मोबाइलवर प्रत्येक चित्र तळहाताएवढंच दिसतं. माणसाच्या उंचीचा कॅनव्हास आणि वहीच्या पानावरचं शाईचं काम, दोन्ही सारखीच. निसर्गचित्रात निदान झाड, घर, बैल यांवरून अंदाज लागतो. अमूर्तात तोही आधार नाही. म्हणून नोंदीतलं माप आधी वाचा. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने केलं ते मला फार पटलं. नोंदीत लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये दिलेली होती. तिने टेप घेतला आणि घराच्या पडवीतल्या भिंतीवर खडूने तेवढी चौकट आखली. वरची कड आखताना तिला स्टुलावर चढावं लागलं. मग ती चौकटीसमोर उभी राहिली, दोन पावलं मागे सरली, पुन्हा जवळ गेली. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ठिपक्यासारखा वाटणारा गडद भाग प्रत्यक्षात तिच्या पंजाहून मोठा होता, आणि तिच्या डोक्याच्याही वर होता. दुसऱ्या दिवशी तिने आधीचं टिपण बाजूला ठेवलं आणि नवीन लिहायला घेतलं.

त्यानंतर झूम करा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र घेतलंत तर ब्रशचे फटकारे शोधत बसू नका. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, रंगाचे थर चढवायचे आणि काही ठिकाणी काढूनही घ्यायचे. कुठला थर खाली गेला, कुठे खालचा रंग वर डोकावतो, हे चांगल्या रिझोल्यूशनच्या फोटोत बरंच दिसतं. मात्र त्याआधी मोबाइलमधला डोळ्यांच्या आरामाचा पिवळट मोड बंद करा. तो चालू ठेवून राखाडी आणि पिवळ्यावर पानभर लिहिलेलं मी वाचलंय, आणि ते सगळं लिखाण वाया जातं. रंगाच्या नेमक्या छटेबद्दल पडद्यावरून ठाम विधान करूच नका. रचना, माप, थर यांवर बोला, रंगाचा भाग मूळ चित्र बघेपर्यंत राखून ठेवा.

गायतोंड्यांच्या बऱ्याच चित्रांना शीर्षकच नाही. त्यामुळे ‘ते पिवळं चित्र’ असं लिहिलं तर कोणालाच कळणार नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय. वर्ष, माध्यम, माप, कोणत्या संग्रहात आहे आणि तिथला नोंदणी क्रमांक, एवढं प्रत्येक चित्रासाठी वहीत उतरवा. ही वही तुमच्या प्रबंधाचा कणा होईल.

आता प्रबंध. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर विद्यापीठं ते तिथे जमा करू लागली. प्रबंध बहुधा प्रकरणागणिक वेगळ्या फाइलींमध्ये असतो, त्यामुळे नेट कमजोर असलं तरी हवं तेवढंच उतरवता येतं. मी सगळ्यांना संदर्भसूचीची फाइल आधी उघडायला सांगते. कोणी काय वाचून लिहिलंय हे तिथे लगेच कळतं. मराठी प्रबंध पुष्कळदा स्कॅन केलेले किंवा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात, आत शब्द शोधायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. तिथे अनुक्रमणिका डोळ्यांनीच वाचायची. उतारा घेताना ब्राउझरमधला पत्ता न देता नोंदीसोबतची कायमस्वरूपी हँडल लिंक द्या.

प्रबंधात चित्रं नसली किंवा धुरकट काळी-पांढरी असली तर नवल मानू नका. झेरॉक्स-स्कॅन हे एक कारण, आणि दुसरं कॉपीराइट. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. म्हणून मजकूर प्रबंधातून घ्या आणि चित्र संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहपानावर बघा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे त्यांचं १९६२ चं काम आहे, त्याची नोंद उघडी आहे.

एक कळकळीची गोष्ट. अमूर्तावरच्या लेखनात ‘ध्यान’, ‘शून्य’, ‘झेन’ हे शब्द एका प्रबंधातून दुसऱ्यात जसेच्या तसे उचललेले सापडतात. गायतोंड्यांना झेनची, म्हणजे बौद्धांच्या एका ध्यानपरंपरेची, ओढ होती हे खरंच आहे, पण ते चित्रात नेमकं कुठे दिसलं हे लिहिणारे थोडे. तुम्ही चौकट आखून, झूम करून जे बघाल ते आधी तुमच्या शब्दांत लिहा. प्रबंध त्यानंतर वाचा. क्रम उलटा झाला की दुसऱ्याचेच शब्द आपल्याला चित्रात दिसायला लागतात.

आणि विदर्भात आहोत म्हणजे या विषयापासून लांब आहोत, असं मनात आणू नका. गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरातच जन्मले. बिंदूच्या चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या जंगलाकाठच्या गावात जन्मले, मुंबईच्या आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. लहानपणी गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत राहायला सांगितलं होतं, ही आठवण ते सांगत. रझांच्या नागपूरच्या दिवसांवर कोणी किती लिहिलंय, हे ‘शोधगंगा’वर तपासून बघा. जागा रिकामी दिसली तर विषय म्हणून विचार करा. नागपूरला बसने जाऊन जुनी कागदपत्रं विचारणं तुम्हाला परवडण्यासारखं आहे.

उद्या जवळच्या अनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या सेवेचं, लॉगिन मिळतं का विचारा. कॉलेज त्याचं सभासद असेल आणि तुम्हाला लॉगिन मिळालं तर त्यातून कलेवरच्या इंग्रजी नियतकालिकांतले लेख मिळू शकतात. लाइन कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फाइली तिथेच पेनड्राइव्हवर घ्या. पहिलं चित्र कोणतं निवडलंत ते इथे खाली लिहा. नोंद कशी वाचायची यात अडलात तर मी बघून सांगेन.