यंत्रे आणण्याआधी मुलांच्या घरी जा

प्रश्न : आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. निम्म्याहून अधिक घरे दरवर्षी ऊसतोडीला जातात. पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्या मुलांनी दीड लाख रुपये वर्गणी जमवली आहे. शाळा सुटलेल्या पंधरा ते वीस वयाच्या मुलामुलींसाठी समाजमंदिरात शिलाई यंत्रे व संगणक आणून प्रशिक्षण केंद्र काढावे, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. तो योग्य आहे का?
– एक वाचक, वडवणी तालुका

उत्तर : तुमच्या मंडळाची तळमळ मोलाची आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो : यंत्रे आत्ता घेऊ नका. शिकवण्याची सोय जिल्ह्यात बऱ्यापैकी आहे. उणीव आहे ती मुलाला त्या सोयीपर्यंत नेणाऱ्या आणि तिथे टिकवून धरणाऱ्या माणसांची. समाजमंदिरातील चार संगणकांवर शिकवणारा कायमचा माणूस मिळत नाही, आणि तिथे मिळालेल्या प्रमाणपत्राला कारखान्याच्या दारात कोणी विचारत नाही.

अडचण कुठे येते, ते वर्षाच्या चक्रात पाहा. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात आणि वर्ग ऑगस्टच्या सुमारास भरतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या गाव सोडतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; सतरा वर्षांचा मुलगा घराच्या हिशेबात अर्धा कोयता असतो, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत त्याचाही वाटा धरलेला असतो. उचल हातात पडल्यावर त्याला थांबवायचे म्हणजे त्याच्या वाट्याचे पैसे परत करण्याची वेळ आई-वडिलांवर आणणे. त्यामुळे ज्या घरातल्या मुलाला शिकवायचे आहे, त्या घरी उचल घेण्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच, मंडळातील दोन जाणत्या माणसांनी जाऊन बसले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण जोडप्याचा पूर्ण कोयता व्हावा म्हणून त्यांची लग्ने अठराच्या आत उरकली जातात, हे आपण सगळे जाणतो आणि त्याविषयी गप्प बसतो.

त्या बैठकीत प्रत्येक मुलाची एक वही करा : शिक्षण कुठे सुटले, शाळा सोडल्याचा दाखला हाताशी आहे का, आधारवरील नाव आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते का, जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढला आहे का, बँकेत स्वतःचे खाते आहे का. हे काम रुक्ष वाटेल. पण प्रवेश आणि शिष्यवृत्ती हातची जाते ती बहुधा एका अक्षराच्या फरकामुळे, आणि ती दुरुस्ती करायला ऐन हंगामात साखर कारखान्याच्या फडावरून कोणी परत येऊ शकत नाही.

मग वाटा वेगळ्या करा. दहावी राहिलेल्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. मात्र परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन तोडीच्या दिवसांत येते, तेव्हा ती मुले तेवढे महिने गावातच राहतील अशी व्यवस्था आधी हवी. दहावी अनुत्तीर्ण असणाऱ्यांनाही आयटीआयमध्ये वेल्डर, प्लंबर असे काही व्यवसाय घेता येतात. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचे तर दहावी लागते. अठरा पूर्ण झालेल्या आणि गावातच काही करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिचे प्रशिक्षण, निवास आणि जेवण मोफत असते. १९८२ साली कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या प्रयोगावर या संस्था बेतलेल्या आहेत, आणि त्यांची मला सर्वांत भावणारी गोष्ट अशी की, शिक्षण संपल्यावर त्या दोन वर्षे पाठपुरावा करतात. तुमच्या मंडळाने त्यांच्याकडून घ्यावे ते हे.

आता दीड लाखाचे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खोलीचे भाडे, खानावळ, एस. टी.चा पास, अवजारांची पेटी आणि सुरक्षा बूट यांवर ते खर्च करा. विद्यार्थ्यांना एस. टी.च्या पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, तर बारावीपर्यंतच्या मुलींना तो मोफत मिळतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे आणि समाजकल्याणची वसतिगृहे यांत जागा आहे का, हे आधी विचारा. तिथे सोय झाली तर तुमचे पैसे अधिक मुलांना पुरतील. पहिल्या वर्षी पाच-सहाच मुले घ्या. वीस जणांचे उद्घाटन करून दिवाळीनंतर दोघे उरण्यापेक्षा सहापैकी पाच जणांनी परीक्षा देणे मला फार मोठे वाटते.

आणि पुण्यातल्या त्या मुलांकडून पैशाइतकेच महत्त्वाचे दुसरे काही मागा : प्रत्येकाने एका मुलाला दर रविवारी फोन करावा. शहरात पहिल्यांदा एकटा राहणारा मुलगा काम अवघड आहे म्हणून परत येतोच असे नाही. आजारी पडल्यावर किंवा सुपरवायझर खेकसल्यावर कोणाशी बोलावे हे न कळल्यामुळेही येतो.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय झाला असून वाळूजमधील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत ‘ट्रेनी’ म्हणून सहा महिन्यांपासून काम करतो. त्याच्या हाती एकही कागद नाही. हे शिकाऊ उमेदवारीत मोजले जाईल का?
– एक आई, परभणी

उत्तर : ताई, तोंडी सांगितलेले मोजले जात नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे आणि त्यानुसार उमेदवार व आस्थापना यांच्यात लेखी करार होऊन त्याची नोंदणी व्हावी लागते. मुलाने कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाकडे त्या कराराची प्रत लेखी मागावी. करारच नसेल, तर तो कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ नसून कामगार ठरण्याची शक्यता आहे; मग किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांचा प्रश्न उभा राहतो आणि त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालयात जाता येते. तोवर त्याने हजेरीची नोंद, गेटपास आणि बँकेत जमा झालेल्या रकमांचा उतारा जपून ठेवावा. नवा नोंदणीकृत करार कोठे मिळू शकेल याची चौकशी त्याच्या आयटीआयमध्येच करा. अशा करारासाठी आस्थापनांशी पत्रव्यवहार करण्याचे काम तिथले शिक्षक नेहमी करतात, आणि आपला जुना विद्यार्थी दारात आला तर ते सहसा परत पाठवत नाहीत.