वाचकांचे प्रश्न : चालत्या कर्नलमधील सूचनांची अदलाबदल

प्रश्न : लिनक्सचा कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) चालू असतानाच स्वतःच्या सूचना बदलतो, असे ऐकले. प्रोसेसरचा एक कोअर (स्वतंत्रपणे सूचना चालवणारा भाग) तीच सूचना वाचत असताना दुसऱ्याने ती बदलली, तर संगणक कोलमडणार नाही का?

उत्तर : कोलमडू शकतो, म्हणूनच एक्स८६ (इंटेल-एएमडी पद्धतीच्या) प्रोसेसरवर हे काम टप्प्याटप्प्याने होते. समजा, फंक्शनच्या आरंभी असलेल्या, काहीही न करणाऱ्या ५ बाइटच्या सूचनेच्या जागी ट्रेसिंगचा, म्हणजे फंक्शन चालल्याची नोंद घेणाऱ्या कोडला बोलावणारा, कॉल लिहायचा आहे. कर्नल प्रथम केवळ पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंटची (नेहमीचे काम थांबवून कर्नलच्या ठरावीक कोडकडे वळवणारी) एका बाइटची सूचना ठेवतो, सर्व कोअरना ताळमेळ साधायला, म्हणजे बदललेली सूचना लक्षात घ्यायला लावतो, उरलेले ४ बाइट लिहितो, पुन्हा ताळमेळ साधतो आणि अखेरीस पहिला बाइट बदलतो. दरम्यान एखादा कोअर तेथे पोहोचलाच, तर ब्रेकपॉइंटचा हँडलर, म्हणजे तो ठरावीक कोड, त्याला सुखरूप पुढे नेतो. ही युक्ती मला विलक्षण देखणी वाटते.

मात्र पत्ताच चुकला तर ताळमेळाचा उपयोग नाही. २००८ मध्ये, २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणीकाळात, काम संपल्यावर स्मृतीतून काढून टाकलेल्या कोडच्या जुन्या पत्त्यावर ट्रेसरने (ट्रेसिंग करणाऱ्या भागाने) लिहिले. तोवर तेथे नेटवर्क कार्डाची स्मृती जोडली गेली होती, आणि काही कार्डांतील कायमस्वरूपी माहितीच बिघडली.