टक्के कशाचे, हे आधी पाहावे

सीमाभागातील वाचकांनी शेअर बाजाराच्या परिभाषेविषयी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांपैकी नव्या गुंतवणूकदारांना उपयोगी पडतील अशा काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या नावावर सहकारी साखर कारखान्याचे शेअर आहेत आणि त्यांवर सवलतीच्या दरात साखर मिळते. हे शेअर डीमॅट खात्यात (शेअर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपात ठेवण्याच्या खात्यात) घालून मुंबईच्या बाजारात विकता येतील का? (एक शेतकरी वाचक, संकेश्वर)

उत्तर : नाही, विकता येणार नाहीत. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्या भागात ‘शेअर’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर प्रथम पडतो तो कारखान्यामुळे किंवा पतसंस्थेमुळे. सहकारी संस्थेचा शेअर हा मुख्यतः सभासदत्वाचा पुरावा असतो. सभासदाकडे एक शेअर असो की पन्नास, निवडणुकीत त्याचे मत एकच धरले जाते. या शेअरची बाजारात खरेदी-विक्री होत नसल्यामुळे त्याला रोजचा भाव नसतो आणि सभासदत्व सोडताना संस्थेच्या पोटनियमांप्रमाणे जी रक्कम परत मिळते, ती बहुधा दर्शनी किमतीइतकीच, म्हणजे शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीइतकीच असते.

बाजारात नोंदलेल्या कंपनीचे तसे नाही. तेथे सामान्यतः जितके शेअर तितकी मते असतात. कंपनी आपले पैसे मागितल्याबरोबर परत करत नाही. आपल्याला बाहेर पडायचे असेल तर तो शेअर दुसऱ्या कोणा गुंतवणूकदाराला विकावा लागतो आणि त्या दिवशी तो जो भाव देईल तोच आपला भाव ठरतो. बेळगाव जिल्ह्यात कारखाना असलेली श्री रेणुका शुगर्स ही अशी बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिचा शेअर घेणाऱ्याला सभासदाची साखर मिळत नाही, त्याच्या वाट्याला येतो तो केवळ नफ्या-तोट्यातील भाग. (हे उदाहरण समजण्यापुरते आहे, खरेदीचा सल्ला नव्हे.)

वडिलांचा शेअर आहे तसाच राहू द्यावा, मात्र त्यावर वारसाची नोंद झाली आहे की नाही, हे कारखान्याच्या शेअर विभागात जाऊन पाहून घ्यावे. बहुतेक घरांत हे काम राहून गेलेले असते.

प्रश्न : एका कंपनीने २५० टक्के लाभांश जाहीर केल्याचे वाचून मी ८०० रुपये भावाने तिचे शेअर घेतले, परंतु प्रत्येक शेअरमागे ५ रुपयेच खात्यात जमा झाले. ब्रोकरने बाकीची रक्कम ठेवून घेतली असेल का? (एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : ब्रोकरचा यात काहीही दोष नाही. लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकांना वाटलेली रक्कम, कंपनीकडून थेट आपल्या बँक खात्यात येतो आणि त्याची टक्केवारी बाजारभावावर नव्हे, तर दर्शनी मूल्यावर काढलेली असते. या शेअरचे दर्शनी मूल्य २ रुपये असणार. दोन रुपयांचे २५० टक्के म्हणजे ५ रुपये, आणि आपण मोजलेल्या ८०० रुपयांवर तो परतावा १ टक्क्याहूनही कमी, म्हणजे ०.६२५ टक्के पडतो. म्हणून बातमीतील टक्क्यांकडे न पाहता ‘शेअरमागे किती रुपये’ हेच विचारावे.

याला जोडूनच दोन शब्द समजून घ्यावेत. ‘रेकॉर्ड डेट’ म्हणजे ज्या दिवशी कंपनी आपल्या भागधारकांची यादी पाहते तो दिवस. सध्या व्यवहार खरेदीनंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पूर्ण होत असल्यामुळे निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली असावी लागते. लाभांशाचा हक्क संपताच भाव साधारण तेवढ्याने उतरतो, त्यामुळे केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी केलेल्या खरेदीतून सहसा काही हाती लागत नाही. ‘स्प्लिट’मध्ये, म्हणजे शेअरच्या विभागणीत, उदाहरणार्थ १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर होतात आणि भावही त्याच प्रमाणात पाचव्या हिश्श्यावर येतो. संख्या वाढली म्हणून संपत्ती वाढत नाही.

प्रश्न : ‘सेन्सेक्स ८०० अंशांनी कोसळला’ म्हणजे नेमके किती नुकसान झाले? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजारातील ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक असून १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून त्याचे मूल्य १०० मानले आहे. निर्देशांक ८०,००० वर असताना ८०० अंश म्हणजे १ टक्का. तोच २०,००० वर असता, तर ती घसरण ४ टक्क्यांची झाली असती. अंश नेहमी टक्क्यांत करून पाहावेत. आपला शेअर त्या तिसांत नसेल, तर त्याची चाल वेगळीही असू शकते.

प्रश्न : पडद्यावर ४२ रुपये भाव पाहून एका लहान कंपनीचे ५०० शेअर घेतले, पण सरासरी ४४.४५ रुपये लागली. असे का झाले? (एक व्यापारी, निपाणी)

उत्तर : आपण ‘मार्केट ऑर्डर’ दिली असावी. अशी ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाने घ्या’ अशी सूचना असते. पडद्यावर दिसणारा भाव झालेल्या शेवटच्या सौद्याचा असतो, त्या भावाला पाचशे शेअर विकायला कोणी बसलेले असेलच असे नाही. समजा, ४२ रुपयांना १००, ४३.५० ला १५० आणि ४६ ला २५० शेअर विक्रीला होते. आपल्या ऑर्डरने हे तिन्ही टप्पे उचलले, एकूण २२,२२५ रुपये लागले आणि सरासरी ४४.४५ आली. ‘लिमिट ऑर्डर’मध्ये याहून जास्त देणार नाही, असा भाव आपणच बांधून देतो. कदाचित सगळे शेअर मिळणार नाहीत, पण खिसा सांभाळला जातो. तुरळक उलाढालीच्या शेअरमध्ये नवख्याने लिमिट ऑर्डरखेरीज खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑर्डर देण्यापूर्वी खरेदीदार आणि विक्रेत्यांच्या पहिल्या पाच भावांचा तक्ता उघडून पाहावा.

प्रश्न : गल्लीतील एक ओळखीचे गृहस्थ माझे खाते स्वतः चालवून दरमहा तीन टक्के देतो म्हणतात. डीमॅट खाते त्यांच्या हाती देणे सुरक्षित आहे का? (एक सेवानिवृत्त वाचक, चिक्कोडी)

उत्तर : कृपया देऊ नये. दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, आणि बाजारात ठरावीक परताव्याची हमी कोणालाच देता येत नाही. हे व्यवहार बहुधा फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे शेअरच्या पुढील भावावर केलेल्या करारांचे असतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या नियामक संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात त्या विभागातील वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.

ट्रेडिंग खात्यातून खरेदी-विक्री होते, तर डीमॅट खात्यात शेअर जमा राहतात, आणि ते शेअर ब्रोकरच्या नव्हे तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीच्या (शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत आपल्या नावावर असतात. त्यांच्याकडून येणारे विवरणपत्र स्वतः वाचावे, खात्याला स्वतःचाच मोबाईल क्रमांक जोडलेला ठेवावा आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. त्या गृहस्थांना आधी सेबीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. पासवर्ड आधीच दिला असेल, तर तो आजच बदलावा. नोंदणीकृत ब्रोकरविषयी तक्रार असल्यास ती सेबीच्या ‘स्कोअर्स’ या व्यवस्थेवर विनाशुल्क नोंदवता येते.