एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला वाचलेलं डोक्यात शिरत नाही, वॉर्डात जावंसं वाटत नाही. पुण्यात हॉस्टेलला आहे. हा आळस की बर्नआउट?

आळशी माणसाला काम टाळलं की बरं वाटतं. लेक्चर बुडवून झोपल्यावरही तुम्हाला अपराधी वाटतं आणि उठल्यावर थकवा तसाच असतो, म्हणजे हा आळस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटच्या तीन खुणा आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी तुटलेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तिथे तो कामाच्या जागेशी जोडलेला आहे. त्यामुळे सगळा दोष स्वतःला देऊ नका.

आधी झोप. रीडिंग हॉलमध्ये दोनपर्यंत बसून आठला लेक्चर गाठलं, तर वाचलेलं पक्कं व्हायला झोपच उरत नाही. उठायची वेळ एकच ठेवा, सात तास झोपा, दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. पीजी (पदव्युत्तर) प्रवेशाच्या तयारीचा ऑनलाइन कोर्स सध्या बाजूला ठेवा. चाळीस मिनिटं वाचून पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ एकदा तपासून घ्या. मेसच्या जेवणावर कमतरता सहज राहते.

आता वॉर्ड. खरं दुखणं बहुतेक इथेच असतं. एका खाटेभोवती पंधरा-वीस जण, मागच्याला पेशंटचे फक्त पाय दिसतात. नेमका त्यालाच प्रश्न येतो, पेशंटदेखत बोलणी बसतात, आणि दुसऱ्या दिवशी पाऊल उचलत नाही. संध्याकाळी एका बॅचमेटला घेऊन जा, रेसिडेंटला विचारून एकच पेशंट घ्या. वीस मिनिटं हिस्टरी, मग तपासणी. स्प्लीन (प्लीहा) बघताना उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून, तिरकं डाव्या बरगडीकडे या. पेशंट श्वास सोडेल तेव्हा हात सरकवा, घेईल तेव्हा बोटं स्थिर. थेट बरगडीपाशी सुरुवात केली तर फार वाढलेली स्प्लीन हाताखाली असूनही निसटते. ती एकदा बोटांना लागली की विषय आपला वाटू लागतो. इंटर्नला ती केस सांगून दाखवा.

हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० लागते. सुट्टी हवी असेल तर मेंटॉरला आत्ताच लेखी कळवा, परीक्षेच्या तोंडावर नको.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, तर हे डिप्रेशन असू शकतं, सायकिअॅट्रिस्टला दाखवा. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत सर भेटतील म्हणून थांबू नका, पुण्यात दुसरी हॉस्पिटलं भरपूर आहेत. मरणाचे विचार आले तर सकाळची वाट न बघता रूममेटला उठवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.