नारळाचे दूध, मलिदा आणि बिरडे : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कोकणातील बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजाच्या स्वयंपाकावर प्रसिद्ध झालेल्या लेखाला वाचकांचा चांगला प्रतिसाद मिळाला. आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या इमारतीतील बेने इस्रायली कुटुंबाने मुलाच्या लग्नाआधी मलिद्याला बोलावले होते. मुस्लिम मित्राकडे मी खाल्लेला मलिदा पोळी कुस्करून केलेला होता, येथे मात्र पोहे होते. हा मलिदा कशासाठी करतात आणि घरी करता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बेने इस्रायली घरातील मलिदा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाह, याच्या नावाने केला जातो. लग्न, बारसे, नव्या घरातील प्रवेश किंवा फेडायचा नवस, असे कोणतेही निमित्त त्याला चालते. अलिबागजवळच्या खंडाळे गावातील एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा असून तेथेही मलिद्यासाठी मंडळी जातात. तबकात पोह्यांसोबत निरनिराळी फळे, खजूर आणि सुवासासाठी गुलाबासारखे फूल असते. हिब्रू प्रार्थना झाल्यावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा म्हटला जातो. केळ या दुसऱ्या गटात मोडते, हे ऐकून आपल्याकडील अनेकांना नवल वाटते.

कृती सोपी आहे, पण पोहे जाडच घ्यावेत, कारण पातळ पोह्यांचा लगदा होतो. पाव किलो पोहे चाळणीत धुऊन अर्धा तास निथळत ठेवावेत. दाणा बोटाने दाबला असता मऊ लागला, पण मोडला नाही, म्हणजे ते तयार झाले. त्यात एका मोठ्या नारळाचा चव, वाटीभर साखर किंवा बारीक चिरलेला गूळ, वेलची, किंचित जायफळ आणि बदाम, पिस्ते व मनुका घालून हलक्या हाताने कालवावे. चव मिसळल्यानंतर तो फार वेळ टिकत नाही, म्हणून पाहुणे आल्यावरच कालवणे योग्य. धार्मिक विधी वगळून नुसता गोड पदार्थ म्हणून तो करण्यास हरकत नाही, मात्र त्याला ‘गोड पोहे’ म्हणू नये, एवढीच आमची विनंती.

प्रश्न : चिकाचा हलवा करण्यासाठी गहू भिजवण्याचा व्याप आता होत नाही. कॉर्नफ्लोअर किंवा चायनाग्रास वापरले तर तो चिकाचाच हलवा राहतो का? आणि त्यात गाईम्हशीचे दूध का घालत नाहीत? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. ज्यू धर्मशास्त्रात मांस आणि दूध एकत्र शिजवणे व खाणे निषिद्ध आहे. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ ही आज्ञा तीन वेळा येते आणि पुढील सारा विस्तार तिच्यावर उभा आहे. सणाच्या पंगतीत मटण असले की त्यानंतर बासुंदी किंवा खव्याचे पक्वान्न येऊ शकत नाही. नारळाचे दूध मात्र दूधही नव्हे आणि मांसही नव्हे, त्यामुळे ते मटणाच्या रश्श्यातही चालते आणि त्यानंतरच्या गोडातही चालते. ज्या किनाऱ्यावर परसात माड उभे होते, तेथे हा नियम पाळताना जिभेला फारसे काही गमवावे लागले नाही, असे आमचे मत आहे.

आता चिकाविषयी. नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, हा हलवा केला जातो. गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावेत, वाटून फडक्यातून गाळावेत आणि गाळलेले पाणी रात्रभर स्थिर ठेवावे. वरचे पिवळसर पाणी ओतून दिल्यावर तळाशी जो पांढरा घट्ट साका उरतो, तो चीक. एक वाटी चिकाला तीन वाट्या नारळाचे दूध, दीड वाटी साखर आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण घरगुती अंदाजाला पुरेसे आहे. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत राहावे. प्रथम गाठी होतात, मग मिश्रण एकजीव होते आणि अखेरीस कडेने नारळाचे तेल सुटून गोळा पळीभोवती फिरू लागतो. या टप्प्याला तासभर लागतो आणि येथे घाई केली तर हलव्याला कच्च्या पिठाचा वास राहतो. थाळीत ओतून वर बदामाचे काप लावावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच वड्या कापाव्यात.

कॉर्नफ्लोअर हाही चिकासारखा पिष्टमय पदार्थ असल्याने त्याचा हलवा मूळच्या बराच जवळ जातो. चायनाग्रास समुद्री शेवाळापासून होते. त्याची वडी चटकन धरते आणि सुरेख कापली जाते, परंतु ती दातांखाली तुटते, चिकाच्या वडीसारखी चिवट लागत नाही. मुंबईतील आणि इस्रायलमधील अनेक बेने इस्रायली घरांत आज हेच दोन पर्याय वापरले जातात, तेव्हा आपण संकोच बाळगू नये. पण वर्षातून एकदा चार जणींनी मिळून खरा चीक काढावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू, कारण घरातील तरुण मुलांना फरक खाऊनच कळेल.

प्रश्न : ज्यू नियमाप्रमाणे कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या चालत नाहीत, मग कोकणात राहून खायचे तरी काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पर आणि खवले दोन्ही असलेले मासे! शिंपले व कवचवाले जीव, माकूल आणि मोरी त्यात बसत नाहीत. उरलेल्या मासळीला हिरव्या वाटणाचे नारळाच्या दुधातील कालवण काय चव देते, हे एकदा खाऊन पाहावे.

प्रश्न : वालाचे बिरडे हे आम्हा सीकेपींचे. बेने इस्रायली लोकांनी ते आमच्याकडून घेतले का? (एक वाचिका, कल्याण)

उत्तर : कोणी कोणाकडून घेतले, हा वाद आम्हाला निष्फळ वाटतो. कडवे वाल रायगडच्या मातीतले असून पाठारे प्रभूंपासून आगऱ्यांपर्यंत अनेकांच्या ताटात ते आहेत. साम्य मात्र मनोरंजक आहे. आपल्याकडे श्रावणी सोमवारचा उपवास सोडताना बिरडे करतात. बेने इस्रायली समाजात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ ज्यू पंचांगातील आव महिन्यात जो उपवास केला जातो, त्याला मराठीत बिरड्याचा सण असेच नाव पडले. तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे पुष्कळदा श्रावणाच्या आगेमागेच. शोकाच्या दिवशी कडवट दाण्याची योजना समर्पकही वाटते. वाल सोलण्याचा कंटाळा हेही दोन्ही समाजांचे सामाईक धन आहे. दादरच्या बाजारात सोललेल्या डाळिंब्या विकणाऱ्या बायकांनी त्यावर केव्हाच तोडगा काढला आहे.

प्रश्न : माझे आईवडील पेणहून इस्रायलला आले. आई आता स्वयंपाक करू शकत नाही आणि माझ्या मुलांना हुम्मुस व श्नित्झेल जवळचे वाटते. पोहे, वाल, कोकम मिळवताना दमछाक होते. कोणते पदार्थ टिकवण्याचा हट्ट धरावा? (एक वाचिका, अश्दोद)

उत्तर : आपल्या आईच्या पिढीची आणि आपली अडचण नेमकी उलटी आहे. पेणमध्ये नारळ, वाल, पोहे दारात होते, पण नियमाप्रमाणे कापलेले मांस मिळवणे, ते अर्धा तास भिजवून आणि तासभर मीठ लावून त्यातील रक्त काढणे, सब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीदिनाच्या, प्याल्यासाठी वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून सरबत गाळणे, हे सारे घरच्या बाईच्या हातचे काम होते. इस्रायलमध्ये आपल्याला कोशर, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे तयार केलेले, मांस आणि वाइन दुकानात सहज मिळते आणि कष्ट पडतात ते डाळिंब्यांसाठी. म्हणून जे इस्रायलमध्ये दुसऱ्या कोणाच्याही स्वयंपाकघरात होत नाही, तेच आधी धरावे, असे आम्हाला वाटते. मटणाचा रस्सा थोडा बदलला तरी चालेल, मलिदा आणि चिकाचा हलवा सोडू नये. पेसाह या ज्यूंच्या आठवडाभराच्या सणातील तांदळाची भाकरीही सोडू नये. पूर्व युरोपातून आलेली अनेक कुटुंबे त्या आठवड्यात तांदूळ वर्ज्य मानतात आणि मिश्र विवाहांमुळे घरात प्रश्न उभा राहतो, पण आपल्या पूर्वजांनी तो खाल्ला आहे.

साहित्याचे म्हणाल, तर रामला, लोद, दिमोना येथील भारतीय दुकानांत पोहे आणि कोकम मिळू शकते. कडवे वाल वाळलेले असल्याने भारतातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवता येतील. ते दर उन्हाळ्यात एकदाच मोड आणून, सोलून फ्रीझरमध्ये ठेवावेत. नारळाचे डबाबंद दूध हलव्याला चालते, मात्र ते दाट असल्याने चौथा हिस्सा पाणी घालावे. बिरड्यात ते अगदी शेवटी, आच मंद करून घालावे, नाहीतर फुटते.